बेसमेंटमधल्या अकरा सायकली

२८ सप्टेंबर, रविवार

शी! आजही दुकानदार त्रिविक्रमशीच बोलत होता. अरे, सायकल मला घ्यायची आहे! वाकड्या हँडलची, रोड बाइक. "मॅडमना बास्केटवाली दाखवू?" आणि आमचे पतिदेव त्रिविक्रम मान डोलावतायत. घरी येताना म्हणे, "आधी साधी घे. तुझ्याच्यानं किती होतंय बघू." स्वतःची नव्वद हजारांची, तीही माझ्या बोनसमधून घेतलेली, दोन वर्षांत चारदा बाहेर पडली. चौथ्यांदा ग्रुपबरोबर शहराबाहेर देवनहळ्ळीला गेला, इडल्या हाणल्या आणि सायकल टेम्पोत टाकून परत आला.

१ ऑक्टोबर

आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. बेसमेंटमध्ये आमच्या बिल्डिंगच्या अकरा रोड बाइक ओळीनं उभ्या. धुतलेल्या, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू. हवा मात्र एकीच्याही चाकात नाही! लिंबावरून ढकलल्या, तेवढाच वर्षाचा प्रवास. लगेच कव्हरं चढली. तळमजल्यावरच्या भागुबाई अक्का हसून म्हणाल्या, "बरं हाय की. देवासारख्या बसल्यात." मला किळस आली. आणि भीतीही वाटली — बारावी माझी असेल तर?

४ ऑक्टोबर

त्रिविक्रमला विचारलं, महिनाभर तुझी चालवून बघू? मला मोठी होते, तरीही. "नको, सेटिंग बिघडेल." सेटिंग!!

५ ऑक्टोबर, रविवार

एकटीच यशवंतपूरला गेले. लहानसं दुकान, मालक ज्योतिबा, निपाणीकडचा. माझ्याशी बोलला! उंची मोजली, मग म्हणाला, "अक्का, खरं सांगा, आठवड्यात किती दिवस चालवणार?" मी म्हटलं, पाच. "सगळी पाचच म्हणत्यात." नवी दाखवलीसुद्धा नाही. रंग उडालेली जुनी भाड्यानं दिली. "महिनाभर चालवून या, मग बजेट बोलू. स्वल्प धीर धरा." असा संताप आला! पण मेल्याचं बरोबर होतं.

१३ ऑक्टोबर

कुत्री. खड्डे. सिमेंटचे ट्रक. नाक शिंकरलं की काळं. ढुंगण ठणकतंय. खोटं कशाला लिहू, दोन दिवस बुडवले. त्रिविक्रम पलंगावरून — "सांगितलं होतं ना!"

२९ ऑक्टोबर

इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत सायकलनं, थेट ऑफिसच्या दारात. अठरा किलोमीटर. धाप लागली, रडू आलं, फार आवडलं.

९ नोव्हेंबर, रविवार

ज्योतिबाला हिशेब दिला — पाच आठवडे, बावीस दिवस. आठवड्याला पाच नाही, साडेचारसुद्धा नाही. तो खूश! "पन्नास हजारांच्या वर जाऊ नका. त्याच्या वरचं सगळं लोकांना दाखवायला." घरी सांगितलं. त्रिविक्रम म्हणाला, "पन्नास? कशाला? नुसती पडून राहील." हे तो म्हणतो! तो!

२३ नोव्हेंबर

माझी आली. त्रिविक्रमची विकून घेतली. त्याची जाऊन बारा दिवस झाले. तो रोज त्या रिकाम्या जागेशेजारीच गाडी लावतो. त्याला अजून कळलेलं नाही.