आमच्या वाडीतल्या अकरा केळी

सांडोर,
सोमवार, दुपार

प्रिय रोनाल्ड,

फोन केला असता, पण "दादा, वर्गात आहे" म्हणून तू ठेवून देतोस आणि मला अर्ध्यावर तोडलेलं चालत नाही. म्हणून कागद. शेवटपर्यंत वाच.

शनिवारी तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये मी पाऊण तास उभा होतो. तू मला पाहिलंस आणि चहाचा ट्रे घेऊन दुसऱ्या दाराने निघून गेलास. नववीचा 'एक वाडी, चार विषय' हा प्रकल्प येत्या शुक्रवारी पालघरच्या प्रदर्शनाला जाणार, म्हणून त्याचा फलक बघायला मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत ती तीन मुलं माझ्या वाडीत राबली आहेत: तुझी लेक जोआना, नंदाखालची राधिका आणि तुळिंजचा उमंग. विज्ञानाला केळीच्या जाती, भूगोलाला माती आणि विहिरीचं पाणी, मराठीला केळींची घरोघरची नावं, गणिताला मोजमापांचे तक्ते. उमंगने तर केळ झाडावर लागलेली कधी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी केळफुलाकडे बघून "काका, ये क्या लटका है?" म्हणाला होता. नोव्हेंबरात तोच मला म्हणतो, "काका, टेप तिरकी धरलीत, परत मोजा." आणि टेप तिरकीच होती.

फलकावर मात्र काय लागलं होतं? राजेळीच्या नावाखाली कुठलातरी इंटरनेटवरचा फोटो. त्यातली केळी बोटाएवढी आणि गोल! राजेळीचं फळ वीतभर लांब, कोनदार, टोकाला निमुळतं असतं, हे सांडोरचं शेंबडं पोरही सांगेल. मातीच्या रकान्यात 'काळी, सुपीक'. आपली माती वाळूमिश्रित आहे, हे मुलांनी बाटलीत पाणी घालून, थर मोजून दाखवलं होतं, ते कुठे गेलं? विहिरीचा रकानाच नाही. खाली लिहिलेलं: 'एकूण जाती अकरा. माहितीस्रोत: इंटरनेट.' माझं नाव कुठेही नाही. मी फलकाची मागची बाजूसुद्धा बघितली.

मी आठवीत शाळा सोडली हे काही गुपित नाही. वनस्पतिशास्त्र मी वाचनालयाची पुस्तकं आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. पण त्या अकरा केळींना अकरा पत्र्याच्या पाट्या आहेत आणि प्रत्येकीचा मुनवा, बुडातला लावायचा कोंब, कुणाच्या वाडीतून, कुठल्या तारखेला आला ते माझ्या वहीत आहे. तुझ्या इंटरनेटवर आहे का? घरी येऊन मी तुला शिव्या घातल्या. सरांना अडाणी भावाची लाज वाटली, दुसरं काय! कार्मिन म्हणाली, "अहो, त्याला विचारा तरी." मी म्हटलं, "विचारायचं काय? फलक वाचता येतो मला." त्या रागात मी जेवलोही नाही.

काल मिस्सा झाल्यावर जोआना आली. आधी ओट्यावर बसून रडली, मग सगळं बोलली. सातव्या पाटीची केळ आपल्या आईची, तिने लग्नानंतर नंदाखालहून मुनवा आणून लावलेली. नवव्या पाटीची शेजारच्या ज्युडच्या आईने कुंपणावरून दिलेली. मी तिला कुंपणाची केळ म्हणतो. एक विहिरीला लागून, म्हणून जाडजूड. दुसरी चिंचेच्या सावलीत, म्हणून रोड. मुलांनी दोन्हींच्या फळांचे काप केले, केळफुलाच्या पाकळ्या शेजारी ठेवून रंग पाहिला, उमंगने तक्ते केले. पानाची लांबी सोडली तर सगळं सारखं. मग दोन्हींची फळं घेऊन मुलं राधिकाच्या आजीकडे, शांताबाईंकडे गेली. त्यांनी डोळे मिटून एक खाल्लं, दुसरं खाल्लं आणि हसायलाच लागल्या. "अगो, दोन जाती कसल्या? दोन्ही आमच्याच आळीतल्या. एकीला जेवायला घातलंय आणि एकीला उपाशी ठेवलंय, एवढंच!" ज्युडची आईसुद्धा नंदाखालचीच आणि तो मुनवा तिने माहेराहून आणलेला, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. दोन सुना एकाच आळीतून आल्या, दोघींनी एकच केळ आणली, आणि मी ती दोन पानं कधी एकत्र वाचली नाहीत.

आणि तू मुलांना म्हणालास, "मोठ्या काकांना कळलं तर ते मोडून जातील. अकराच लिहा. त्यांचं नाव काढा, म्हणजे त्यांना कुणी काही विचारणार नाही." दोन्हींची फळं फोटोत सारखी दिसतात म्हणून मुलांचे फोटो काढून सगळं इंटरनेटवरून घेतलंस, मातीसुद्धा. पाणी आणि सावली बघून कुणाला शंका येईल म्हणून विहिरीचा रकाना उडवलास.

मोडून जाईन? मी? आज सकाळी मी दोन्ही केळींचे लोंगर उतरवले, फण्या मोजल्या, फळं कापली. मुलं बरोबर आहेत. बावीस वर्षं मी चुकत होतो. आईची केळ जगात एकच असावी, असं मला वाटायचं, म्हणून मी नीट बघितलंच नाही. तेवढं तुझ्याजवळ कबूल करतो. पण सात महिन्यांत त्या पोरांनी एकच खरी नवी गोष्ट शोधली आणि नेमकी तीच तू पुसलीस, तीही माझ्या नावाने! हे पत्र त्याच्यासाठी आहे. गुरुवारपर्यंत फलक पुन्हा कर. मुलांचे फोटो लाव, विहीर लाव, माती लाव. वर लिही, 'एकूण जाती दहा.' खाली लिही, 'अकरा ही बॅप्टिस्ट यांची चूक. शोधली जोआना, राधिका आणि उमंग यांनी.' माझं नाव ठळक अक्षरात हवं. शुक्रवारी मी पालघरला येतोय. चूक कशी झाली हे परीक्षकांनी विचारलं तर मी सांगेन, तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. मला जपण्यासाठी तू मुलांना खोटं लिहायला शिकवलंस, रोनाल्ड. ते मी माफ करणार नाही. निदान शुक्रवारपर्यंत तरी नाही.

तुझाच, आणि अजून रागातच असलेला,
बॅप्टिस्ट