आल्याचं खारं पाणी

प्रिय खांग,

क्वी न्योनहून आम्ही दोघी सुखरूप घरी पोचलो. परतीच्या गाडीत तुझी बहीण लोआन झोपली आणि मी जागी, त्यामुळे हे पत्र मनातल्या मनात अर्धं तिथेच लिहून झालं. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? 'आई, टपरी कधी बंद करतेस? सायगॉनला कधी येतेस? लोआन दिवसभर बोटीची तिकिटं फाडते, तिला शंखातलं काय कळतं? तुझ्यामागे चालवणार कोण?' मी तोंड उघडायच्या आत तुझं पुढचं वाक्य तयार. तर आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

दुसऱ्याच्या समुद्रावर जा, आराम कर, तिथे बसून शांतपणे ठरव, असं म्हणून तू आम्हाला पाठवलंस. अरे, जन्मभर वुंग ताऊच्या बंदरावर मी शंख उकडले. सायगॉनहून सुट्टीला येणारे माझ्या स्टुलांवर बसून गेले, त्यांची पोरं बसली, आता नातवंडं येतात. पण मी स्वतः सुट्टीवरचं गिऱ्हाईक कधी झालेच नव्हते. नुसतं बसायचं आणि कुणीतरी आणून देईल म्हणून वाट बघायची, काय शिक्षा आहे रे ही! माझे हात सारखे टेबल पुसायला उठायचे.

तू मोबाईलवर शोधून दिलेलं ते काचेचं हॉटेल आम्ही आधी गाठलं. मी आत शिरले, वाकून टेबलाखाली बघितलं आणि तशीच मागे फिरले. लोआन मागून ओरडतेय, 'आई, अगं लोक बघतायत!' म्हटलं बघू देत. फरशी नुसती लखलखीत! एक शिंप नाही, एक चोखून टाकलेला शंख नाही. जिथे खाणाऱ्याला कवच पायाशी टाकायची चोरी, तिथे कोण मनापासून खात असेल? पुढच्या ठिकाणी टाकीतले खेकडे मरगळलेले. त्याच्या पुढे वाढणारी अशी उभी, जसं घरात सुतक आहे. भुकेने लोआनचा जीव चाललेला. 'तू जेवायला आलीस की धाड घालायला?' म्हणाली. पण मला सोडून एकटीने काही खाल्लं नाही हो तिने.

शेवटी होड्या लागतात त्याच्या मागच्या गल्लीत पायाखाली शिंपा कुरकुरल्या. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, कोळशाचा धूर, टेबलाखाली घोट्याएवढा खच. म्हटलं, बस इथेच. मालकीण माझ्याच वयाची आणि माझ्याइतकीच तोंडाळ. 'काय ताई, टेबलाखाली काय बघता? काही हरवलं का?' मी म्हटलं, 'नाही, सापडलं.' खळखळून हसली आणि भराभर आणून ठेवलं तिने, गवती चहा घालून उकडलेले मोठे शंख, नारळाच्या दुधातले बारके, निखाऱ्यावर भाजलेल्या शिंपल्या, वर कांद्याची पात आणि दाण्यांचा कूट. लोआनने पहिला शंख आल्याच्या पाण्यात बुडवला, तोंडात टाकला आणि थांबली. शंख काय, समुद्र सगळ्यांनाच देतो. टपरी ओळखायची ती मासळी मुरवून काढलेल्या खाऱ्यात कालवलेल्या त्या आल्याच्या पाण्यावरून. लोआन हळूच म्हणाली, 'आई, आलं किसलंय गं, कुटलेलं नाही. आणि लिंबू फार आधी पिळलंय, कडवट झालंय. लागतंय ना?' मी म्हटलं, 'लागतंय तर! कडूजहर!'

खांग, मला काहीच लागलं नव्हतं. तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाआधी तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून माझ्या जिभेला आंबट कळत नाही की खारट कळत नाही. मी कुणाजवळ बोलले नाही. तुला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी येऊन कुलूप लावलं असतंस. हात सवयीचा, त्याच्याच भरवशावर चालवत होते. गिऱ्हाईकं तर उलट मला भावंडांतल्या नंबराने हाक मारून म्हणायची, 'सातवीबाई, यंदा चव आणखीच चढलीय.' आणि मी आपली तोऱ्यात.

लोआनने गोड बोलून मालकिणीचा खलबत्ता मागून घेतला. 'बघू तर, वुंग ताऊवाल्या काय दिवे लावतात,' मालकीण म्हणाली. लोआनने आलं-मिरची ठेचली, साखर घातली, खारं घातलं, लिंबू सगळ्यात शेवटी पिळलं. इथवर सगळं माझं. मग तिचा हात न बघताच शंखांच्या पातेल्याकडे गेला आणि त्यातलं उकळतं पाणी चमचाभर वरून घातलं. ते माझं नव्हे. ते मी जन्मात कधी केलेलं नाही. आणि हात गेला तो असा, जसा रोज जात असावा. मला आठवलं, रोज संध्याकाळी ही कामावरून टपरीवर येते आणि माझं पाणी कालवून झालं की मला मागे पिटाळते, 'आई, जरा कोळसा बघ गं.' मी विचारलं, 'कधीपासून?' तिने मान वर केली नाही. 'तेतपासून. तुझ्याकडून साखर दोनदा पडायला लागली होती, म्हणून तू मागे गेलीस की मी पुन्हा कालवते. तू बोलली नाहीस, मग मी कशाला बोलू?'

मालकिणीने बोट बुडवून चाखलं. आपली वाटी आत नेली आणि लोआनची वाटी शेजारच्या टेबलावर ठेवली. तिथून ती वाटी तिसऱ्या टेबलावर गेली. 'ताई, ही पोरगी इथेच ठेवून जा,' मालकीण म्हणाली. 'कशी ठेवू?' मी म्हटलं, 'तिची स्वतःची टपरी आहे.' लोआनने माझ्याकडे असं बघितलं! माझ्या पाठीमागे हिने हे सगळं चालवलं म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? छे! छाती अशी फुगली की शंखांची आणखी एक ताटली मागवली. चव नसताना इतकं पोटभर मी कधी जेवले नव्हते.

तर हे घे तुझं उत्तर. सायगॉनला मी येईन, डॉक्टरला जीभ दाखवीन, नातवंडांत आठ दिवस राहीन आणि परत येईन. टपरी बंद होणार नाही. चालवणार कोण म्हणून विचारत होतास ना? चालवतेच आहे ती. तेतनंतर पावसाळ्यात तू आलास, तीन वाट्या आल्याचं पाणी चाटूनपुसून संपवलंस आणि बायकोला म्हणालास, 'ही चव सायगॉनमध्ये शोधून सापडायची नाही, हा माझ्या आईचा हात आहे.' आठवतंय? बाळा, तो हात तुझ्या बहिणीचा होता.

चव गेली तरी तोरा न गेलेली,
तुझीच
आई