तुमच्या हातचा शेवटचा रेडिएटर

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही, आणि आजही मन भरून आलंय वगैरे असं काही नाही. दुपारची वेळ आहे, समोर टेबलावर एक उघडा कॉम्प्युटर आहे, त्यात पाणी भरायचं बाकी आहे. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, ती लिहून काढते आणि मग कामाला लागते.

मी अजून तेच काम करते, अकोल्यातच, घराच्या पुढच्या खोलीत. लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरला पाण्यानं थंड ठेवायची सोय बसवून देते. व्हिडिओ जोडणारे येतात, घरांचे नकाशे काढणारं एक जोडपं आहे, कॉलेजातली गेम खेळणारी मुलं तर आहेतच. तुमच्या वेळी सगळं सांगून सांगून पटवावं लागायचं. आता सामान कुरियरनं घरी येतं आणि गिऱ्हाईकच मला व्हिडिओ दाखवतं, ताई असं पाहिजे, नळीत निळं पाणी पाहिजे. मी करून देते. मे महिन्यात इथे थंड पाण्याच्या नळातूनही चटका बसेल असं पाणी येतं, पंख्याच्या हवेनं कुठली मशीन थंड होणार. काम आहे, चाललंय.

हे काम मी पहिल्यांदा तुम्हाला समजावून सांगितलं तो दिवस मला नीट आठवतो. अमरावतीच्या तुमच्या दुकानात तुम्ही एका ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर वाकलेले आहात. बाजूला सिमेंटचा हौद, त्यातलं गढूळ पाणी, डाग देताना उठणारा नवसागराचा नाकात जाणारा धूर. मी तुमच्या स्टुलावर बसून सांगतेय की कॉम्प्युटरच्या आत एक चिप असते, ती तापते, तिच्यावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं, एक छोटा पंप लावायचा. तुम्ही मान वर न करता ऐकलंत आणि म्हणालात, "मंग रेडिएटर त लागनच त्याले."

"लागतो ना."

"मंग एवढं काय सांगून राहिली? हे त म्या चाळीस वर्सं केलं." मग थोड्या वेळानं, जणू दुसरंच काही बोलताय अशा आवाजात, "तांबं अन् ॲल्युमिनियम एका पाण्यात ठेवजो नोको. एक दुसऱ्याले खाते." ही गोष्ट मला तोवर कुणीच सांगितली नव्हती. मी सामान मागवलं होतं त्यात एक तुकडा ॲल्युमिनियमचा होता. घरी आल्यावर तो काढून ठेवला.

तुमच्या भावांनी अंजनगावकडची शेती धरली आणि तुम्ही एकटे शहरात येऊन रेडिएटर धरलात, त्यामुळे घराण्यात तुमच्या कामाला कुणी फारसं मोजलं नाही. माझ्या सासरीही माझ्या कामाकडे तसंच पाहायचे. बाईमाणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते आणि अनोळखी माणसं पुढच्या खोलीत येतात, हे सासूबाईंना रुचत नव्हतं. तेव्हा माझ्याकडे मोजून तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यातलं मोठं काम म्हणजे लग्नांचं शूटिंग करणारे ते गृहस्थ. उन्हाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर व्हिडिओ जोडता जोडता मध्येच बंद पडायचा. मी होकार दिला, पण बाहेरून मागवलेला रेडिएटर वेळेत येईना. तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "माप सांग."

आठ दिवसांनी तुम्ही एसटीनं आलात. दुपट्ट्यात गुंडाळलेला तो रेडिएटर तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलात आणि बाजूला झालात. हातभर लांब, तांब्याच्या पातळ पट्ट्या एकसारख्या बसवलेल्या, दोन्ही तोंडांना पितळी आटे, आणि आट्यांभोवती कथलाचा डाग इतका सारखा की बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. आतून सात वेळा गरम पाण्यानं धुतला, हौदात बुडवून हवा भरून पाहिली, एक बुडबुडा नाही, असं तुम्ही सांगितलंत. नेहमी तुम्ही काम झालं की लगेच पुढचं हातात घ्यायचात. त्या दिवशी मात्र मी तो उचलून उजेडात धरला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत उभे राहिलात. मी म्हणाले, "छान झालाय." एवढंच म्हणाले.

मी तो बसवला. नियम असा की नुसता पंप चालू करून, आत कागद पसरून, एक दिवस आणि एक रात्र पाणी फिरू द्यायचं. कागद कोरडा राहिला तरच मशीन द्यायची. पण त्या गृहस्थांचा फोनवर फोन. "मॅडम, उद्या पोरीवाले येऊन राहिले व्हिडिओ पाह्याले, आजच द्या ना." तुम्ही आत जेवून पडला होतात. मी दोन तास पाणी फिरवलं, कागद कोरडा होता, आणि मशीन देऊन टाकली. तुम्ही उठल्यावर विचारलंत, "नेली? एवढ्या लवकर?" मी म्हणाले, चाललं सगळं नीट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऑटोतून मशीन घेऊन परत आले. दारातूनच ओरडत आले. "पाणी आलं ना हो मॅडम आत! सगळं बसलं!" कॅबिनेट टेबलावर ठेवलं तर खालून थेंब पडत होते. ग्राफिक्स कार्ड गेलं होतं, खालची हार्ड डिस्क भिजली होती. एका लग्नाचं पूर्ण शूटिंग तिच्यातच होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. सासूबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ते गृहस्थ मला म्हणत होते की येत नाही तर करता काहून, लोकांच्या घरचं लग्न होतं ते, पुन्हा लागणार आहे का.

तुम्ही चष्मा लावलात, गुडघ्यावर बसलात. रेडिएटरच्या तोंडाशी ओल होती. तुम्ही तुमच्या डागावरून बोट फिरवलंत, ते ओलं झालेलं बोट पाहिलंत. मग उठून त्यांच्यासमोर हात जोडलेत.

"साहेब, पोरीची चूक नाई. हे म्या बनवलं. डाग कच्चा राह्यला माह्या हातचा."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "काका, आता तुमाले काय बोलू मी? तुमचं वय झालं. नसतं करायचं असं नाजूक काम."

"हो," तुम्ही म्हणालात.

सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी चहाही पाठवला. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं गेलात. जाताना दाराशी म्हणालात, "बाई, दुसरा मागवून घेजो. माह्या भरोशावर नोको राहू." तेव्हा मलाही खरंच तसंच वाटत होतं, बाबा. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हे मला ठाऊक होतं. बिचारे, म्हातारपण, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी सोडवली. आट्यात बसवायचं जे टोक असतं, त्याखाली एक बारीक रबरी कडी असते. ती मी बसवली होती. ती एका बाजूनं बाहेर सरकून आट्यात चिरडली होती, अर्धी कापली गेली होती. गळती तिथून होती. तरी मी बादली भरली, तुमच्या रेडिएटरचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं हवा भरली आणि तो पाण्यात बुडवला. बराच वेळ धरून ठेवला. एकही बुडबुडा आला नाही. दिवसभर पाणी फिरवलं असतं, तर त्या कडीतून पाणी माझ्याच टेबलावर गळलं असतं.

त्या सकाळी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. केला नाही. रागावाल म्हणून नव्हे. तुम्ही ते ऐकलं असतंत, तर म्हणाला असतात, जा आणि त्या माणसाले सांगून ये. आणि मला ते करायचं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची चूक लोक पोटात घालतात. माझी घातली नसती. शूटिंगवाल्यांचं जग लहान आहे, अकोल्यात मला पुढे काम मिळालं नसतं, आणि सासूबाईंना जे म्हणायचं होतं ते म्हणायला मिळालं असतं. हे सगळं मी तेव्हा इतकं नीट मांडून विचारात घेतलं नव्हतं. फक्त भांडी घासली, ती कडी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

पंधरा दिवसांनी अमरावतीला आले ते सांगायचं असं ठरवूनच. स्टँडवरून आधी दुकानावर गेले तर कुलूप. घरी आले, आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ती हळूच म्हणाली, "दुकान सोडलं त्याईनं. सामान देऊन टाकलं सारं. काई बोलजो नोको त्याईच्याजवळ." तुम्ही पुढच्या खोलीत पेपर हात लांब करून धरून वाचत होतात. मला पाहून म्हणालात, "बरंच झालं, लवकर समजलं. एखाद्या ट्रकवाल्याचं इंजिन बसलं असतं माह्यानं." आणि हसलात. मी तुमच्या शेजारी बसले. आईनं ताट वाढलं, झुणका होता, वांग्याची भाजी होती. तुम्ही माझ्या ताटात ठेचा वाढलात. मी जेवले. चार वाजताच्या बसनं परत आले.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसायला लागलं, तरी पुन्हा हत्यार हातात घेतलं नाहीत. कधी मोझरीच्या आश्रमात जाऊन प्रार्थनेला बसायचात, कधी गल्लीच्या टोकाशी. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायची. प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. एका सकाळी तुम्ही आंघोळ करून बाहेर आलात, खाटेवर बसलात आणि गेलात. मी पोचले तेव्हा तुम्हाला खाली घेतलं होतं. बायका रडत होत्या, मला रडू आलं नाही. तुमच्या बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग तेवढे पाहिले. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी एका मुलाची मशीन भरून दिली.

गेल्या महिन्यात एका लग्नात ते शूटिंगवाले गृहस्थ भेटले. आता त्यांच्या हाताखाली माणसं आहेत. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, तेव्हा चूक माझी होती, माझ्या वडिलांची नव्हती. "कोणती मशीन हो, ताई?" मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांना मशीन अंधुक आठवली, तुम्ही आठवला नाहीत. "जाऊ द्या ना, लय वर्सं झाली," म्हणाले आणि मला जेवायला चला म्हणाले. मी गेले, जेवले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

आई मात्र विसरलेली नाही. घरी कुणी आलं आणि तुमचा विषय निघाला की ती अजून सांगते, "शेवटी हात गेले होते त्याईचे, पोरीच्या कामात नुकसान झालं, तेवापासून मनानंच बसले." मी तिथेच असते. पाहुण्यांना पाणी देते.

ती रविवारी इथे येते आहे, चार दिवस राहायला. तिला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं. तुम्हाला लिहायला मला भीती वाटली नाही, बाबा, कारण तुम्ही काही विचारणार नाही. ती विचारेल. म्हणून ही पानं मी वहीतून फाडणार आहे आणि तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवणार आहे.