पाण्यात दिलेला शब्द

३ मे, शनिवार

पोचले एकदाची! विमानतळावर मिहिकानं "आजी, यल्ला!" म्हणजे इथल्या अरबीत 'चल', म्हणत हात असा ओढला, की आंबापोळीची पिशवी खाली पडली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. वर्षभरात मी पहिल्यांदा हसले. सहा वर्षांची पोर, पण तोंडाची टकळी अखंड चालू. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. दोघींचं काही अडत नाही.

घर दुबईत अल मनखूलला, चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्येसुद्धा कुणाच्या तरी फोडणीचा वास. परदेशात आलेय असं वाटतच नाही. जावई, विघ्नेशराव, फार वाळलेत. ऑफिस आणि पोर दोन्ही झेपत नाही, असं त्यांनीच फोनवर कबूल केलं होतं. म्हणून मी आलेय. ममताचं वर्षश्राद्ध झालं की मिहिकाला दापोलीला घेऊन जायचं, कायमचं.

ही वही ममताचीच. पहिल्या चार पानांवर वाणसामानाच्या याद्या आहेत, पुढे कोरी. माझ्या लेकीनं कधी एक वही पुरी केली असेल तर शपथ!

४ मे, रविवार

हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी आहे. आत वाळू, पाइपाचा एक तुकडा आणि ईल. म्हणजे आपली वाम, पण गोड्या पाण्यातली. हातभर लांब, मातकट अंग, त्यावर लाल रेघा. दिवसभर वाळूत पुरून घेते, टोकदार नाक तेवढं बाहेर. आमच्याकडे वाम मिळाली की तिखलं करतात. इथं तिला फ्रीजमधली कोळंबी सोलून घालतात. नशीब लागतं बाई.

ममतानं ती हौसेनं आणली होती. दुकानदार लियाकतनं बजावलं होतं म्हणे, की बोटभर फट मिळाली तरी ही निसटते. म्हणून झाकणावर मी लग्नात दिलेला लोखंडी खलबत्ता ठेवलाय. मसाला कुटायला दिला होता, हे काम लागलं त्याला.

विघ्नेशराव म्हणाले, ती फक्त ममताच्या हातून खायची. आता कुणासमोर बाहेर येत नाही.

७ मे, बुधवार

मिहिका शाळेत, विघ्नेशराव कामावर. पडदे ओढून मी टाकीसमोर बसते. ती काही करत नाही, मीही नाही.

ममता ताप आला म्हणून दवाखान्यात गेली आणि पाचव्या दिवशी फोनच आला. तापात सारखी आईला बोलवा म्हणत होती. माझ्या पासपोर्टची मुदत संपलेली. अग्नी इथंच दिला. मी मोबाइलवर बघितलं, पाचेक मिनिटं, मग रेंज गेली. तेव्हापासून माझा दगड झालाय. बायका म्हणायच्या, रडा हो हेमाताई, मोकळ्या व्हा. रडू यायला आत काही हलावं लागतं.

९ मे, शुक्रवार

वर्षश्राद्ध झालं. दापोलीच्या गुरुजींनी व्हिडिओवरून सांगितलं, विघ्नेशरावांनी केलं. पिंड गॅलरीत ठेवला. कबुतरं ढीग, कावळा औषधालाही नाही. तासभर वाट पाहून विघ्नेशराव ऑफिसला गेले. मी गुरुजींना परत फोन लावला. ते म्हणाले, गाईला घाला. गाय कुठली आणू? मग म्हणाले, पाण्यात सोडा, माशांच्या मुखी लागला तरी पोचतो.

पाणी म्हटल्यावर मला टाकीच दिसली. खलबत्ता उतरवला, पिंड आत सोडला. नाक हललं नाही. मग कावळा शिवेना की करतात तेच मी केलं. मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा. म्हटलं, मिहिकाला खूप शिकवीन. तुझे दागिने तिलाच देईन. विघ्नेशरावांना पुन्हा उभं करीन. काही नाही. गुडघे दुखायला लागले. शेवटी हट्टी पोराला गप्प करतात तशी बोलून गेले, "बरं बाई, नाही नेत तुझ्या लेकीला तुझ्यापासून. झालं?"

ती वाळूतून सबंध बाहेर आली आणि पिंड खाल्ला. शीतसुद्धा ठेवलं नाही.

१० मे, शनिवार

मिहिकानं सकाळी दूध पिताना सांगितलं, की मम्मा आता हंग्री नाही, तिनं राइस खाल्ला. काल ती शाळेत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शब्द अर्थातच खोटा होता. पोरीला इथं ठेवून कसं चालेल?

१३ मे, मंगळवार

तिकिटं झाली. तेवीसचं संध्याकाळचं विमान. विघ्नेशरावही आठ दिवस येतायत, तिला रुळवायला. मिहिकाची बॅग मी आजच भरून ठेवली.

१४ मे, बुधवार

बॅग आतून ओली. फक्त तिचे फ्रॉक. शेजारची माझी लुगडी कोरडी. वास टाकीचा, शेवाळाचा. विघ्नेशराव तिला रागावले. ती म्हणाली, मी नाही केलं. मी फ्रॉक वाळत घातले.

१७ मे, शनिवार

सकाळी उठली तर मिहिकाचे केस ओले. आणि वेणी घातलेली. काल रात्री मी केस मोकळे सोडून झोपवली होती. पेड घट्ट, शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं. तशी वेणी मी एकाच मुलीला घालायला शिकवली होती.

कुणी घातली विचारलं. मम्मा, म्हणाली, आणि कॉर्नफ्लेक्स मागितले.

मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. वेणी सोडली, केस पुसले.

२० मे, मंगळवार

भाताचा दुसरा पिंड करून सोडला. सांगितलं, शब्द परत घेते, चुकून बोलले, पोरीला जाऊ दे. पिंड तसाच विरघळला. पाणी पांढरं झालं.

दुपारी खलबत्ता जमिनीवर. झाकण बंद. टाकी रिकामी. हात घालून वाळू उपसली. नाही. विघ्नेशराव म्हणाले, सोफ्यामागं सुकून पडली असेल. सोफा हलवला. तिथं एक कंगवा होता. ओला.

२२ मे, गुरुवार

बाथटब सारखा भरलेला. मी बूच काढते. परत भरलेला. मिहिका म्हणते, मी दापोलीला येणार नाही. आजीनं प्रॉमिस केलंय म्हणते.

सगळ्या बॅगा ओल्या. पासपोर्ट मी कमरेला बांधलेत.

२३ मे, शुक्रवार

निघायच्या वेळी मिहिका बाथरूममध्ये गेली. लॉक लावलं. आत पाणी सुरू. दाराखालून पाणी. विघ्नेशराव दार ठोकून दमले, चावी आणायला खाली वॉचमनकडे धावले.

आतून तिचं बोलणं. इंग्रजीत. मग आणखी एक आवाज, मराठीत —

मी दाराशी ओल्यात बसले. म्हटलं, ममता, मी चुकीची इच्छा ओळखली. तू लेक मागत नव्हतीस. पाच दिवस तू आईला बोलावत होतीस. मी आले नाही. आता आलेय. तिला सोड, मी राहते. हा शब्द खरा आहे.

लॉक उघडलं.

मिहिका बाहेर आली. केस कोरडे. विघ्नेशराव चावी घेऊन आले तेव्हा ती बूट घालत होती. पासपोर्ट त्यांच्या हातात दिले. म्हटलं, पोरीला घेऊन गाडीत बसा, देवाजवळचा दिवा शांत करून आलेच. मिहिकाचा पापा घेतला. लिफ्ट गेली.

दार आतून लावलंय. टबाच्या काठावर बसलेय. फोन वाजतोय. परत वाजतोय. जाऊ दे त्यांचं विमान —

रडू येतंय. वर्षभरानं. भीतीही वाटतेय, खूप.

उजव्या हातानं लिहितेय. डावा पाण्यात. बोट धरलंय तिनं, लहानपणी धरायची तसंच, घट्ट, आता मनगट — ममता, हळू, जरा हळू, आई कुठं जात ना