बाबांची पुढची सीट

मंगळवार संध्याकाळ, कोपर

सेकंडहँड गाडी घेताना मी फक्त ती पळते कशी एवढंच पाहिलं. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून ती पार खाली बसवलेली, पुढे रेसिंगच्या खोलगट सीटा. आज बाबांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि हौसेने पुढच्या सीटवर बसले. उतरताना गुडघे साथच देईनात. शेवटी वॉचमनने आणि मी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. बाबा हसत होते. मला का नाही हसता आलं?

रोज फिजिओथेरपीला यातूनच न्यायचं ठरवलेलं. ती पुढची सीट त्यांचीच होती ना?

मघाशी म्हणाले, "मला रिक्षाच बरी रे, उंच असते. तू निघताना खालून एकदा जोरात रेस दे. मी गॅलरीतून ऐकतो."