गाण्यातली थांबायची जागा

बाबा, तुमचं गाणं रेकॉर्डवर आलं आहे. सेक्टर सहाच्या मार्केटात पानठेल्यावर ते दिवसभर वाजतं, म्हणून शाळेत शिकवून सायकलनं घरी येताना मी मार्केट टाळून, वळसा घालून येते. गाणं तेच, धान रोवतानाचं. मरोद्याच्या मजूरवस्तीत आपल्या झोपडीसमोर, पोलादाच्या प्लांटच्या बांधकामावरून आल्यावर तुम्ही ते म्हणायचात आणि ढोलकीवर काका असायचे. कडवं संपलं की तुम्ही गप्प. ढोलकीही गप्प. गावाकडे त्या जागी बाया चिखलात उभ्या राहून कंबर सरळ करायच्या, म्हणून ती जागा गाण्यातच सोडलेली. मरोद्याला कुठला चिखल, कुठलं रोवणं, तरी तुम्ही थांबता. मी विचारते, "बाबा, विसरले काय?" तुम्ही म्हणता, "तुझी माय उठून राहिली, तिले उठू दे." माय तर चुलीपाशी बसलेली असते. तोंडाला पदर लावून हसते.

तुम्ही गेल्यावर काकांनी गाण्याची पार्टी मोडू दिली नाही, याचं मला कौतुकच होतं. मग नवे गडी आले, गिटार आली, बोंगो आला, आणि कलकत्त्याला जाऊन त्यांनी ही पहिली रेकॉर्ड काढली. गाणं नुसतं पळतं. थांबायच्या जागी गिटार वाजते. गणपतीत आता जुन्या चालीत कोणी काही म्हणूच देत नाही. मी काकांकडे गेले. "कावून तोंड पाडून बसली व?" ते म्हणाले. "तुझ्या बाचंच तं गाणं आहे. रेकॉर्डवाला म्हणे, ये खाली जगह में क्या है? आता त्याले काय सांगू, बाया उठून राहिल्या म्हणून?" आणि खो खो हसले. मी म्हटलं, एकदा जुनं वाजवून दाखवा. त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली. ती जागा आली आणि हात चालतच राहिला. परत वाजवलं, परत तसंच. मग ते हसले नाहीत. "नाही थांबत व आता," एवढंच म्हणाले.

बी.ए. झाले तेव्हा वाटलं होतं, घरात एक जण शिकलं की आपल्या माणसांचं काही हरवणार नाही. तुमचा प्लांटच्या गेटपासवरचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. तो माझ्याजवळ आहे असं मी धरून चालले होते. मायला विचारलं, बाबा किती वेळ थांबायचे? ती म्हणाली, "मले काय माहीत? मी तं कंबर सरळ करत होती."

रविवारी आपल्या लोकांची पोरं घरी जमवून मी त्यांना तुमची चाल शिकवते. काल बजावलं, कडवं संपलं की मी हात वर करेपर्यंत चूप राहायचं. पोरं राहिली चूप. हे पत्र मायला वाचून दाखवणार होते, आता नाही दाखवणार. त्या जागेत मी तुम्हाला शोधत होते बाबा, आणि माझ्या कानात रेकॉर्डवरची गिटार वाजली. खाली पाहिलं तर माझा पाय ठेका धरून होता.