मिठाचा मुकुट

सोम., १८ सप्टेंबर १९९५

जिन्यात माधवीने गाठलं. पहिल्या मजल्यावरची माधवी सबनीस. गेल्या वर्षी माझा मोर अंगावर चढवून स्टेजवर मिरवली तीच. "नलूताई, महिला मंडळाचा वाढदिवस पंधरा ऑक्टोबरला आहे. फॅन्सी ड्रेसमध्ये मी या वेळी समुद्राची राणी होणार. पण तुमच्याशिवाय कोण करून देणार हो?"

हसले. जिन्यात हसावंच लागतं. वर येऊन कुकर असा आपटला की ह्यांनी पेपर खाली केला.

तो पिसारा मी महिनाभर खपून केला होता. बेगड कापून कापून अंगठ्याला घट्टा पडला. पहिलं बक्षीस मिळालं. अध्यक्षबाईंनी माइकवर विचारलं, एवढं सुंदर कुणी केलं? तर ही बया म्हणते, "मीच. लहानपणापासून आवड आहे मला." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. नखांत सरस तसाच होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

मंगळ., १९ सप्टें.

आणखी एक कळलं. म. मंडळ दिवाळीनंतर हस्तकला वर्ग काढतंय, दर शनिवारी, सोसायटीच्या ऑफिसात. बाईंचं नाव पंधरा तारखेला जाहीर करणार. कुणाचं ते सांगायला नको. मोराच्या पुण्याईवर माधवी शिक्षिका होणार. हिला सुईत दोरा ओवता येत नाही.

मला तो वर्ग हवाय. इथे लिहायला काय लाज? गिरगावात असताना शाळेत शिकवायचे तेव्हा पोरी मला 'हस्तकलेच्या बाई' म्हणायच्या. नवघरला आलो आणि मी झाले 'तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी'. सहा वर्षं झाली. बिल्डिंगमध्ये कितीजणींना माझं नाव माहीत आहे, देव जाणे.

खाली जाऊन मा. ला हो म्हणून आले. सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात नवीन कामाला हात लावू नये गं." सुडाला मुहूर्त लागत नाही. (हे त्यांना बोलले नाही.)

शुक्र., २२ सप्टें.

घागऱ्यासाठी खवले हवेत. जिलेटिन पेपर फाटतो, बेगड गेल्या वर्षी झाली. मग सुचलं, एक्स-रे! सासूबाईंच्या गुडघ्यांचे ढीगभर पडलेत. कोमट पाण्यात भिजवून अर्धवट पुसले की निळसर काळी झाक उरते, उजेडात माशाच्या पाठीसारखी चमकते. विड्याच्या पानाच्या आकाराचे खवले कापायला घेतले. जिथे हाड स्पष्ट दिसतं ते मागच्या बाजूला लावणार. सासूबाईंचे गुडघे आता माधवीच्या कमरेवर. बिघडवायचं तर आहेच, पण कसं ते अजून ठरत नाहीय. शिवण उसवून ठेवावी? छे. ते हाताला जमत नाही. टाका घातला की पक्काच पडतो.

रवि., २४ सप्टें.

तारोडीच्या किनाऱ्यावर जाऊन आलो, शिंपल्या वेचायला. हे बरोबर. "कुणासाठी एवढी उन्हातान्हात?" म्हणाले. म्हटलं, मैत्रिणीसाठी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी पुढे धरली. माणूस हुशार आहे.

बुध., २७ सप्टें.

सापडलं!

मागच्या जुन्या घरातल्या जनाबायकडे अळूची पानं आणायला गेले होते. त्यांची मिठागरं होती पूर्वी, आता त्यावर आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा. ओसरीवर बसले, बोलता बोलता मुकुटाचा विषय निघाला. म्हातारी हसायला लागली.

"आमी पोरी असताना बाबलीच्या झाडाची काटकी मिठाच्या पान्यान टाकून ठेवाचो. दोन दिसान अशी फुलाची, हिऱ्यासारकी. मंग केसान खोवून मिरवाचो."

"मग?"

"मंग काय? सांज झाली, खाडीवरशी हवा आली का पाझराची. कपालावरशी डोल्यान. आय गो, कसं झोंबाचं! मीठ हाय ते बाय, दागिना न्हाय."

अळूची पानं तिथेच विसरून आले.

शुक्र., २९ सप्टें.

केबिन रोडवरून खडा मीठ आणलं. दुकानदार म्हणतो, "बेन, इतने नमक का क्या करोगे? पूरी बिल्डिंग का अचार?" मी म्हटलं, "एक ही कैरी का."

आधी नमुना. तारेला लोकर गुंडाळली. उकळत्या पाण्यात मीठ विरघळेना इतकं घातलं, गाळलं, तार बुडवून गच्चीवर ठेवली. वर मलमल बांधली.

सोम., २ ऑक्टोबर

नमुना फुलला. चौकोनी चौकोनी खडे, एकमेकांच्या अंगावर चढलेले. सकाळी तांदळाच्या डब्यात ठेवला तर कोरडा ठणठणीत. पाचला काढून खिडकीत ठेवला. साडेसहापर्यंत नुसती चमक. सातला खाली थेंब. साडेसातला खिडकीत डबकं आणि उघडी लोकर.

मा. चा नंबर सातच्या आसपास येईल. पाचवी आहे ती यादीत. साडेपाचपासूनच डोक्यावर घालून मिरवणार, तिला ओळखते मी. अध्यक्षबाई वर्गाच्या बाई म्हणून तिचं नाव घेतील आणि त्याच वेळी हिच्या तोंडावरून राणी वाहून जाईल. कुणी म्हणेल, अहो, दुरुस्त करा ना पटकन, तुम्हीच केलंत ना? मग बघू.

शुक्र., ६ ऑक्टो.

मुकुट पाण्यात आहे. मोठ्या पातेल्यात उलटा टांगलाय. ऑक्टोबरचं ऊन आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. दर दोन तासांनी गच्चीवर जाऊन बघते. हे म्हणाले, "ऊन लागेल." म्हटलं, लागू दे.

रवि., ८ ऑक्टो.

काय झालाय म्हणून सांगू. मधलं टोक वीतभर उंच, बाजूला पाच लाटा, प्रत्येक लाटेवर खडे, खाली तारोडीच्या शिंपल्यांची कड. उन्हात धरला तर भिंतीवर कवडसे नाचले. आयुष्यात एवढं चांगलं काही केलं नव्हतं. आणि केलं ते पाणी व्हावं म्हणून. दहा मिनिटं नुसती हातात धरून बसले होते. वाईट वाटलं. मुकुटाचं वाटलं, तिचं नाही.

मंगळ., १० ऑक्टो.

मा. मापाला वर आली. आरशासमोर उभी केली. घागरा, शिंपल्यांचा कमरपट्टा, मुकुट. तिने आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं. मग म्हणाली, "नलूताई, हे खडे कसले हो?"

"तुरटीचे."

जीभ अडखळली नाही. तुरटी पाझरत नाही, म्हणून तुरटी सांगितलं. वर सल्लाही दिला, तांदळाच्या डब्यातून अगदी पाचलाच काढायचा, आधी नको. ओठात एक, पोटात एक.

जाताना दारात थांबली. "मला तर साधा टाका येत नाही. तुम्हाला कसं जमतं एवढं?" मी म्हटलं, सवय. खरं तर म्हणायचं होतं, हे वाक्य माइकवर बोल ना भवाने.

शनि., १४ ऑक्टो.

जनाबाय भाजी द्यायला आली. मुकुट बघितला, संध्याकाळी डब्यासकट खाली पोचवायचा होता. हात नाही लावला. "कोनासाठी?" म्हटलं, खालच्या बाईसाठी. "तिला सांगितलस ना पाझरतं म्हनून?" मी मेथी निवडत राहिले. ती म्हणाली, "मीठ कोनाच्या हातावर देव नये बाय. भांडान होतं." म्हटलं, भांडण आधीच झालंय. "तिला म्हायती हाय?" जनाबायने विचारलं.

नाही. तिला माहीतच नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

सोम., १६ ऑक्टो.

काल लिहिता आलं नाही. आता घरकाम तसंच टाकून लिहितेय.

मांडव सोसायटीच्या मैदानात. खाडीकडून वारा, अंग चिकट. मी पहिल्या रांगेत जागा धरली. साडेसहाला मा. पडद्यामागे दिसली, मुकुट घालूनच. लखलख. पहिल्या चौघींत एक टेलिफोन झाली होती, पुठ्ठ्याचा रिसीव्हर डोक्यावर. लोक हसले. मग मा.

टाळ्या थांबेनात. अध्यक्षबाईंनी माइक पुढे केला, "माधवी, हाही तूच केलास?"

आणि ती म्हणाली, "नाही. हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनी कर्णिक यांनी केलंय. गेल्या वर्षीचा मोरही त्यांचाच होता. मी खोटं बोलले होते, वर्षभर लाज वाटतेय. वर्ग मला नका देऊ, मला काही येत नाही. त्यांना द्या."

माझं नाव. आडनावासकट. माइकवर.

बायका वळून बघायला लागल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली. आणि मी बघत होते तिच्या कपाळाकडे. पहिला थेंब उजव्या कानशिलावर. मग दुसरा. मला उठता आलं असतं. चार पावलं आणि तीन पायऱ्या. मुकुट काढून घेतला असता, म्हटलं असतं, जड आहे हो, मान दुखेल. नाही उठले. पाय नव्हतेच जणू. की होते आणि मलाच उठायचं नव्हतं? खरं काय ते इथे तरी लिहावं, पण मलाच कळत नाहीय.

लोकांना आधी वाटलं घाम. मग वाटलं, भरून आलं हिला. पाणी डोळ्यांत गेलं तेव्हा तिने डोळे गच्च मिटले. ओघळ ओठांवर आला. तिने जीभ फिरवली. आणि त्या लाल डोळ्यांनी एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिलं.

मग सगळ्यांना नमस्कार केला, मांडवाचा खांब चाचपडत धरला, आणि दोघींनी तिला खाली उतरवली. लाटा एकेक करून गळत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "कर्णिकबाईंचा माल कच्चा निघाला." ज्या नावासाठी एवढं केलं, ते नाव पाच मिनिटंही टिकलं नाही. करायला गेले गणपती नि झाला मारुती. बक्षीस टेलिफोनला गेलं.

मंगळ., १७ ऑक्टो.

खाली जाऊन यायला हवं. गेले नाही.

संध्याकाळी अध्यक्षबाई स्वतः वर आल्या. मला वाटलं संपलं. तर त्या म्हणाल्या, "माधवीने सांगितलं सगळं. मुकुटावर धूळ होती म्हणून तिने तो ओल्या फडक्याने पुसला. तुरटीवर पाणी मारलं, मग काय होणार? तुमचा काही दोष नाही. वर्ग तुम्हीच घ्या. अठ्ठावीसला सुरू."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालायला दिलेत म्हणे. दोन दिवसांत लाली उतरेल.

पुसला? ओल्या फडक्याने? साफ खोटं. ती माझ्यासाठी खोटं बोलली. गेल्या वर्षी माझ्याविरुद्ध, या वर्षी माझ्यासाठी, आणि दोन्ही वेळा जिंकली तीच. राग येतोय. मारलं असतं तर फिटलं असतं. हिने उपकार करून मारलं.

किंवा तिला खरंच कळलेलं नाही. पण मग ती नजर?

शुक्र., २० ऑक्टो.

जिन्यात भेटली. डोळे बरे आहेत. "फराळाचं झालं का?" म्हणाली. म्हटलं, चकल्या राहिल्यात. एवढंच. तोंडाशी आलं होतं. गिळलं.

शनि., २८ ऑक्टो.

पहिला वर्ग. ऑफिसात सतरंजी, भिंतीवर फळा. अकरा बायका. सगळ्या 'बाई' म्हणत होत्या. सहा वर्षांनी. कान तृप्त झाले असते, पण यादीत पहिलंच नाव: माधवी सबनीस. आणि ती पहिल्या रांगेत, नवी वही, नवी कात्री, माझ्या समोर हातभर अंतरावर.

कात्री कशी धरायची ते शिकवलं. तिला खरंच येत नाही. अंगठा चुकीच्या वेढ्यात घालते. मी तिचा हात धरून बोटं नीट बसवली. गार होता हात. ती कापत राहिली, तिरकं गेलं की माझ्याकडे बघायची.

शेवटी विचारलं, पुढच्या वेळी काय शिकायचंय? टेलिफोनवाली म्हणाली, पडदे. कुणी म्हणालं, आकाशकंदील, तर सगळ्या हसल्या, दिवाळी झाली आता. मग मा. ने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"बाई, तो मुकुट शिकवा ना. सामान मी आणते सगळ्यांचं."

सगळ्यांनी माना डोलवल्या. मी फळ्याकडे वळले, 'साहित्य' लिहिलं, खाली रेघ ओढली.

"फक्त एक सांगा," मागून तिचा आवाज, अगदी गोड, शांत. "तुरटी आणू की मीठ?"

अकरा पेन्सिली वहीवर टेकल्या होत्या. माझ्या हातात खडू. मी वळले नाही. लिहायला हात वर नेला आणि 'मीठ' लिहिलं.